इद्रिस लतीफ आणि 'तुमच्यातले चांगले लोक'

२६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र फिरू लागतं. मागे तिरंगा, पुढे एका रांगेत फोटो. ब्रिगेडियर उस्मान, वीर अब्दुल हमीद, डॉ. कलाम. अलीकडे त्या रांगेत आणखी एक चेहरा दिसतो, हवाई दलाच्या गणवेशातला. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. खाली एकच ओळ असते : पाकिस्तानचं बोलावणं नाकारणारा मुसलमान.

ओळ खोटी नाही. पण जवळपास चाळीस वर्षं हवाई दलात घालवलेल्या माणसाचं सगळं आयुष्य एका नकारात कोंबायचं, हे मला पटत नाही. नकार देण्यापूर्वीही हा माणूस वैमानिक होता, आणि नकार दिल्यानंतर तर त्याचं खरं काम सुरू झालं. त्या कामाबद्दल पोस्टर एक अक्षर बोलत नाही. म्हणून हा लेख.

लतीफ हैदराबादचे. जन्म ९ जून १९२३. १९४२ च्या जानेवारीत, वयाची एकोणीस वर्षंही पूर्ण झालेली नसताना, ते हवाई दलात अधिकारी झाले. पहिली नेमणूक कराचीला, किनाऱ्याच्या रक्षणासाठी. हाताशी विमान होतं वापिती. दोन मजली पंखांचं, वर कापड ताणलेलं, वैमानिकाचं डोकं उघड्यावर, आणि वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या जरा वर. आज समृद्धी महामार्गावरून रात्री सुसाट जाणाऱ्या काही गाड्या त्याच्या फार मागे नसतील. हे विमान घेऊन अरबी समुद्रावर शत्रूच्या पाणबुड्या शोधायच्या. खाली पाणी, समोर एकच इंजिन, आणि ते बंद पडलं तर काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

१९४३ साली ज्या थोड्या हिंदी वैमानिकांना इंग्लंडला पाठवलं गेलं त्यांत ते होते. तिथं हरिकेन आणि स्पिटफायर ही त्या काळातली लढाऊ विमानं हाताखाली आली. परत आल्यावर ब्रह्मदेशची मोहीम. त्या आघाडीवरच्या वैमानिकांचं काम सिनेमातल्यासारखं ढगांत गोल फिरून एकमेकांवर गोळ्या झाडण्याचं फारसं नव्हतंच. घनदाट जंगलावरून अगदी खालून उडायचं, जपानी सैन्य कुठं आहे ते हेरायचं, आपल्या पायदळासमोरची ठाणी फोडायची. पावसाळ्यात डोंगर ढगात बुडालेले असत. गोळी लागून मेले त्यांच्या जोडीला हवामानानं मारलेलेही होते.

१९४५ साली युद्ध संपलं तेव्हा लतीफ बावीस वर्षांचे होते. मला या वयाचं नेहमी कुतूहल वाटतं. बावीस वर्षांच्या मुलानं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम करून टाकलेलं आहे असं जग समजतं, आणि पुढं पन्नास वर्षं शिल्लक आहेत. लढाऊ वैमानिकानं लढाई संपल्यावर करायचं काय?

त्या पिढीतल्या तिघांची उत्तरं मला माहीत आहेत, आणि ती तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

पहिले आपले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर. महायुद्धातून बाहेर पडले तोच काश्मीरची लढाई सुरू झाली. १९४७-४८ मधल्या कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं, १९७६ साली ते हवाई दलप्रमुख झाले आणि १९७८ साली ती खुर्ची त्यांनी लतीफांच्या हवाली केली. म्हणजे लढाईतून लढाईकडे आणि तिथून नेतृत्वाकडे, असा सरळ रस्ता.

दुसरे सुरंजन दास. त्यांनी निवडलेला रस्ता सगळ्यात एकाकी. इंग्लंडमधल्या चाचणी वैमानिकांच्या शाळेत ते शिकले आणि पुढचं आयुष्य अजून कुणीच न उडवलेली विमानं उडवण्यात घालवलं. चाचणी वैमानिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बेफिकीर, जिवावर उदार असा माणूस येतो. प्रत्यक्षात त्या कामाला लागतो तो हिशेबी, जवळजवळ कारकुनी स्वभावाचा माणूस. पहिल्या उड्डाणात फार काही करायचंच नसतं. वर जायचं, विमान हाताला कसं लागतं ते बघायचं, उतरायचं. दुसऱ्या दिवशी वेग थोडा वाढवायचा. मग मुद्दाम वेग इतका कमी करायचा की पंख हवेला धरेनासे होतात, आणि विमान कोसळायला लागलं की ते सावरतं का बघायचं. मग गिरक्या, उलटं उडणं, सूर मारणं. कसरतीचं उड्डाण हे प्रेक्षकांसाठी खेळ असतं, पण चाचणी वैमानिकासाठी ते विमानाला विचारलेले प्रश्न असतात. आणि खाली आल्यावर उत्तरं कागदावर लिहायची, तीही अशी की आरेखन करणाऱ्या इंजिनियरला कुठला स्क्रू कुठं सरकवायचा ते कळावं. 'मस्त उडतं' असं लिहून चालत नाही.

भारतात आरेखन झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान म्हणजे एचएफ-२४ मारुत. फॉके-वुल्फ १९० बनवणारे जर्मन अभियंते कुर्ट टांक त्यासाठी बंगळुरूला आले होते. त्यांच्यासोबतच्या भारतीयांत कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे होते. घाटगे हे गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले, एचटी-२ या आपल्या शिकाऊ विमानाचे आरेखक. शाळेच्या पुस्तकात हे नाव मी कधी वाचलं नाही, आणि याची मला दर वर्षी नव्यानं चीड येते. मारुतचं आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर बनवलं गेलं. १९५९ साली ते दासांनी उडवलं. मग १७ जून १९६१ रोजी खरं विमान, तेही दासांनीच. विमान देखणं होतं, हाताळायला चांगलं होतं, पण इंजिन कमी ताकदीचं पडलं. ती ताकद वाढवण्याच्या खटपटीत, सुधारित मारुत घेऊन उडत असताना, १० जानेवारी १९७० रोजी दास अपघातात गेले. युद्धातून जिवंत परतलेला माणूस शांततेच्या काळात, एका इंजिनाच्या हिशेबात गेला. त्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळालं. बंगळुरूत एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

आणि तिसरे लतीफ. आता त्या नकाराकडे येतो.

१९४७ साली हवाई दलाची वाटणी झाली. मुसलमान अधिकाऱ्यांनी कुठं जायचं ते स्वतः ठरवायचं होतं. अस्गर खान आणि नूर खान हे लतीफांचे सहकारी आणि मित्र. दोघं पाकिस्तानात गेले, आणि पुढं दोघंही एकापाठोपाठ पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांनी लतीफांना बोलावलं. आपला धर्म आणि आपला देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशा अर्थाचं उत्तर देऊन लतीफ इथंच राहिले.

इथं पोस्टर थांबतं. पण जरा पुढं बघा. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४८ मध्ये, हैदराबाद संस्थानावर पोलीस ॲक्शन झाली आणि तीत हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं वापरली गेली. लतीफांचं घर हैदराबादचं, नोकरी त्याच हवाई दलातली. आमच्या बुलढाणा जिल्ह्याची दक्षिण हद्द तेव्हा निजामाच्या मुलखाला लागून होती. त्या काळाच्या आठवणी इथं हिंदू घरांतही आहेत आणि मुसलमान घरांतही, आणि त्या सारख्या नाहीत. 'मी इथंच राहणार' हे एकदा म्हणून संपत नाही, त्याची किंमत पुढं हप्त्याहप्त्यानं द्यावी लागते, हे सीमेवरच्या माणसाला पुस्तक न वाचता कळतं.

आणखी एक गोष्ट. ज्यांना कुणी बोलावलंच नाही त्यांचं काय? डोणगावातल्या, मेहकरातल्या, लोणारातल्या मुसलमान शेतकऱ्याला, पिंजाऱ्याला, बागवानाला अस्गर खानांचा निरोप आला नव्हता. त्यानं १९४७ च्या खरिपात ज्वारी-कपाशी पेरली होती आणि १९४८ च्या खरिपातही पेरली. त्याचाही तो निर्णयच होता. लतीफांचा नकार मोठा होता, कारण त्यांच्यासमोर दुसऱ्या बाजूला बढती होती, प्रमुखपद होतं. पण तो नकार लाखोंच्या नकारातला एक होता. त्यांना त्या गर्दीतून बाहेर काढून एकट्याला चौथऱ्यावर बसवलं की गर्दी आपोआप संशयित ठरते. हे पोस्टर बनवणाऱ्या आपल्या पोरांच्या ध्यानात येत नाही.

तर पुढचं काम. २६ जानेवारी १९५० रोजी दिल्लीत पहिला प्रजासत्ताक दिन झाला, तेव्हाच्या आयर्विन स्टेडियमवर. संचलनावरून हवाई दलाची विमानं गेली. त्यांतल्या टेम्पेस्ट विमानांच्या ताफ्याचं नेतृत्व सव्वीस वर्षांच्या लतीफांकडे होतं. आपण टीव्हीवर बघतो तेव्हा विमानांची ती बाणासारखी रांग सुंदर दिसते, एवढंच. रांगेतल्या वैमानिकांना मात्र सौंदर्य, गर्दी, राष्ट्रपती यांतलं काहीच दिसत नाही. मागच्यानं डोळे फक्त पुढच्या विमानाच्या पंखावर ठेवायचे असतात. रस्ता, उंची, वेळ सगळं एकट्या म्होरक्यानं बघायचं. आणि म्होरक्याला आपली पूर्ण ताकद वापरता येत नाही. त्यानं इंजिन सगळं खोललं तर मागच्यांना अंतर राखायला जागाच उरत नाही. वळणावर बाहेरच्या अंगाच्या विमानाला जास्त वेग लागतो, आतल्याला कमी, म्हणून वळण अलगद घ्यायचं, दचका बसता कामा नये. तिफण धरून सरळ तास काढणारा माणूस ज्यानं पाहिला आहे त्याला हे चटकन समजेल. जोर लावणारे बैल असतात, सरळ रेषा हाताच्या संयमानं येते. पुढं १९९६ साली बीदरला सूर्यकिरण हे कसरतीचं पथक निघालं. नऊ विमानांच्या त्या खेळाचं मूळ या साध्या शिस्तीत आहे.

लतीफ चाचणी वैमानिक नव्हते. पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जे केलं ते त्या कामाच्या जवळ जाणारं होतं : विमानं पारखणं. सप्टेंबर १९७८ मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले तेव्हा शत्रूच्या मुलखात खोलवर जाऊन मारा करणाऱ्या विमानाचा प्रश्न बरीच वर्षं नुसता फायलींत होता. फ्रेंच मिराज, स्वीडिश व्हिगेन आणि इंग्लंड-फ्रान्सचं जग्वार अशी तुलना चाललेली. सरकारला जग्वारसाठी राजी करण्यात लतीफांचा मोठा वाटा होता. ऑक्टोबर १९७८ मध्ये निर्णय झाला आणि १९७९ च्या जुलैत पहिली जग्वार अंबाल्याला उतरली. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं ते विमान हवाई दलाच्या सेवेत राहिलं. खरेदीचा एखादा निर्णय चार दशकं टिकतो, यात मला युद्धातल्या एखाद्या शौर्यकथेइतकाच अर्थ दिसतो. पण खरेदीवर कुणी पोस्टर बनवत नाही.

मिग-२५ त्यांच्याच काळात आलं. आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगानं, वीस किलोमीटरहून जास्त उंचीवर उडून फोटो काढणारं टेहळणी विमान. निवृत्तीच्या तोंडावर, १९८१ साली, अठ्ठावन्न वर्षांच्या लतीफांनी त्या विमानातून उड्डाण केलं. कापडी पंखांच्या वापितीत सुरुवात, मिग-२५ मध्ये शेवट. ताशी दोनशे किलोमीटर ते जवळपास तीन हजार. एका माणसाच्या नोकरीत एवढं अंतर कापलं गेलं. आणि हे अंतर नुसत्या धाडसानं कापता येत नाही. प्रत्येक नव्या विमानासोबत जुनं शिकलेलं बाजूला ठेवून पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध त्यानंतरचा. १९८२ ते १९८५ ते आपले राज्यपाल होते. त्यांच्या आधीचे राज्यपाल ओम प्रकाश मेहरा हेही माजी हवाई दलप्रमुख, म्हणजे मलबार हिलच्या राजभवनात एकापाठोपाठ दोन वैमानिक. लतीफांच्या पत्नी बिलकीस लतीफ यांनी त्या काळात धारावीत केलेलं काम पुढंही चालू राहिलं. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे वडील अली यावर जंग हेही महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि १९७६ साली पदावर असतानाच वारले. वांद्र्याची कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था त्यांच्या नावानं आहे. आपल्या भागातून कानाच्या तपासणीसाठी मुलांना घेऊन तिथं जाणाऱ्या कितीतरी आईबापांना हे नाव कुणाचं ते ठाऊक नसतं.

३० एप्रिल २०१८ रोजी लतीफ हैदराबादला गेले. अस्गर खान त्याच वर्षी ५ जानेवारीला, पाकिस्तानात.

आता लेखाच्या नावाकडे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी एका कार्यक्रमात मी लतीफांवर बोललो. बोलून झाल्यावर तिथल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मोठ्या आपुलकीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सर, तुमच्यातही असे चांगले लोक आहेत, हे पुढं यायला पाहिजे." माणूस मनानं चांगला. त्यांच्या शेजारी बसून मी चहा घेतला, सोयाबीनच्या भावावर बोललो. पण 'तुमच्यातही' मधला तो 'ही' घशाखाली उतरेना.

मग वाटलं, त्यांना दोष देऊन काय उपयोग? तो 'ही' आपण स्वतःच छापून वाटतो आहोत. पोस्टरमधली फोटोंची रांग म्हणजे दाखल्यांची फाईल आहे. कुणी मागितले नाहीत तरी आपण जोडतो. समोरचा ते बघतो आणि म्हणतो, हो, हे चार चांगले. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न त्याच्या मनात आपणच पेरलेला असतो. मुळगावकरांचं चित्र फिरवून कुणी म्हणत नाही की बघा, सारस्वतांतही देशभक्त असतात. दासांचं चित्र फिरवून कुणी बंगाल्यांची बाजू मांडत नाही. ते दोघं फक्त वैमानिक असू शकतात. लतीफांना मात्र आधी साक्षीदार व्हावं लागतं, वैमानिक नंतर. वेळ उरला तर.

यावर आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, हे सगळं शांत काळात ठीक आहे, हल्लीच्या दिवसांत दाखला खिशात असलेला बरा. मी त्यांची भीती खोटी मानत नाही. भाड्यानं खोली शोधणाऱ्या पोरानं आडनाव सांगितल्यावर काय होतं ते मलाही माहीत आहे. पण दाखल्यानं ती खोली मिळाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. आणि घरात वाढणाऱ्या मुलावर त्या पोस्टरचा परिणाम वेगळाच होतो. त्याला कळतं की मोठं झाल्यावर आपलं काम आहे निष्ठा सिद्ध करणं. विमान कसं उडतं, पंखाखाली हवा कशी वागते, घाटगे जर्मनीत काय शिकले, दास कागदावर काय लिहीत असतील, यांतलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

रस्ते आहेत. ज्या प्रबोधिनीतून अधिकारी होतात ती पुण्याजवळ खडकवासल्याला, आपल्याच राज्यात आहे. तिची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, हवाई दलासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. २०२२ पासून तिथं मुलीही शिकताहेत. त्या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था, सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. दहावीनंतर मुलांना तिथं प्रवेश मिळतो, दोन वर्षं. डोणगावहून एसटीनं चार-पाच तास. साताऱ्याची सैनिक शाळा तर १९६१ पासूनची. नागपूरचे प्रदीप नाईक त्याच शाळेतून निघाले आणि २००९ साली हवाई दलप्रमुख झाले. पोस्टर फिरवणाऱ्या आपल्या ग्रुपवर या संस्थांच्या अर्जाची तारीख फिरलेली मी एकदाही पाहिलेली नाही. अडचणी आहेत, नाहीत कोण म्हणतं. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठी आणि उर्दू शाळेतली मुलं तिथंच अडखळतात. वैमानिकाच्या कलचाचणीत एकदा नापास झालं की ती पुन्हा देता येत नाही. डोळ्यांचे नियम कडक आहेत.

गेल्या जानेवारीत मी गावातल्या मुलांसमोर लतीफांबद्दल बोललो तेव्हा १९४७ वर दोनच वाक्यं बोललो. बाकी वेळ फळ्यावर वापितीचे दोन मजली पंख काढले, टेम्पेस्टची रांग काढली, म्होरक्यानं इंजिन पूर्ण का खोलायचं नाही ते सांगितलं. संपल्यावर दहावीतला एक मुलगा मागं रेंगाळला. त्याच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. मला वाटलं, पाकिस्तानबद्दल काहीतरी विचारेल. त्यानं विचारलं, "सर, वळताना बाहेरच्या विमानाला जास्त वेग लागतो, तो किती जास्त, हे काढता येतं का?"

मी म्हटलं, येतं, वर्तुळाची त्रिज्या माहीत असली की येतं. शनिवारी वही घेऊन ये. तो आला. सोबत आणखी दोघं होते, त्यांतली एक त्याची चुलत बहीण.